पवनी ते नागभीड : प्रशिक्षण संपल्यानंतरचं वर्ष

आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढची भटकंती कळेल. मी पूर्वी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवायचे. आता स्वतंत्र मूल्यमापक म्हणून आयटीआय, कौशल्य केंद्रं आणि कंपन्यांच्या निधीवर चालणारे प्रशिक्षण वर्ग तपासते. पैसे कुठे खर्च झाले हे बघायला लेखापरीक्षक असतात. मी बघते ते पोरांच्या हाताला काय आलं आणि ते किती टिकलं.

या वेळी डिसेंबरात भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर हे तीन जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात त्या वैनगंगेच्या पट्ट्यात फिरले. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्चायच्या पैशातून, एका संस्थेने तिथे घरगुती वायरिंग, मोटर-पंप दुरुस्ती आणि वेल्डिंग असे तीन-तीन महिन्यांचे वर्ग घेतले होते. तो प्रकल्प संपून वर्ष उलटून गेलं होतं. हे वर्ष उलटू देणं नियमातच आहे. २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले. ज्या कंपनीवर आधीच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाचं बंधन होतं, तिने १ कोटी किंवा त्यावरच्या प्रत्येक प्रकल्पाचं प्रभाव मूल्यांकन बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं, आणि प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेलं असायला हवं. मला ही अट फार आवडते. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी सगळेच खूश असतात. वर्षभराने घरी गेलं की खरं काय ते समजतं.

सोमवार : नागपूर, भंडारा, पवनी

पहाटे निघालो. मी, प्रश्नावल्या भरून घेणारी माझी तरुण सहकारी आणि उमरेडकडचे चालकदादा. संस्थेने गाडी देऊ केली होती, ती नम्रपणे नाकारली. संस्थेच्या गाडीतून उतरलं की गावात आपण संस्थेचेच होतो, आणि मग लोक संस्थेला आवडेल तेच बोलतात. गाडी आपली, मुक्काम आपला, आणि कुणाकडे जायचं ती नावंही आपण काढलेली, ही माझी जुनी रीत.

भंडाऱ्याच्या अलीकडे इतकं धुकं होतं की दादांनी गाडी टपरीवर लावली. उकडलेले सिंगाडे पानावर मिळाले, गरम, वर मीठ-तिखट. या भागातल्या तलावांतले सिंगाडे या दिवसांत रस्तोरस्ती असतात. पोह्यांच्या नादात ते सोडू नका.

पवनीच्या केंद्रात पोचलो तेव्हा संस्थेचे समन्वयक फायली मांडून बसले होते. हजेरीपट, कच्च्या मालाची नोंदवही, फोटो, सगळं नीट. मी फायली घेतल्या, पण आधी कार्यशाळेत गेले आणि भंगाराची पेटी मागितली.

वेल्डिंग किती शिकवलं हे कळायला त्या पेटीसारखं दुसरं साधन नाही. प्रत्येक पोराने सराव करायचा म्हणजे पट्ट्यांचे तुकडे जोडायचे, आणि ते तुकडे कुठेतरी साठलेले असणारच. पेटी दोन माणसांना हलेना एवढी भरलेली होती. बरं वाटलं. एकेक तुकडा उचलून खिडकीपाशी धरला. तळातल्या तुकड्यांवर वेल्डची रेघ वाकडी, मध्येच जाड, मध्येच बारीक. आजूबाजूला धातूचे थेंब उडून चिकटलेले, एका कडेला पट्टी खाल्ली गेलेली. वर येईल तशी रेघ सरळ होत गेलेली, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली. एकाच पेटीत तीन महिन्यांची शिकवणी थरांत साठली होती. मात्र मधल्या थरात बऱ्याच रेघांवर बारीक भोकं होती. शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते स्वतः आयटीआयचे वेल्डर, बरीच वर्षं कारखान्यात काढलेले. म्हणाले, "पावसाळ्याची बॅच होती ती मॅडम. वेल्डिंगच्या कांड्या ओलावल्या. ओव्हन मागितलं होतं कांड्या सुकवायला, ते आलं नाही. उन्हात ठेवून भागवलं, पन ऊनच कुठं होतं?"

हे वाक्य अहवालात जाणार. ओव्हनची किंमत त्या प्रकल्पाच्या खर्चात दिसलीही नसती, आणि एका तुकडीची मुलं सच्छिद्र वेल्ड म्हणजेच वेल्ड असं समजून बाहेर पडली.

वायरिंगच्या खोलीत स्विचबोर्डांचे स्क्रू बघितले. पुन्हा पुन्हा उघडलेल्या बोर्डाच्या स्क्रूची खाच झिजते. काही बोर्डांचे स्क्रू अगदी कोरे होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता. तेही लिहून घेतलं.

दुपारी एका घरगुती खानावळीत चिन्नोर तांदळाचा भात, वरण, लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ठेचा. चिन्नोरचा वास ताट समोर येण्याआधी येतो. लाखोरी हे कडधान्य. इथे ती धान उभं असतानाच बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, फेकतात. धान कापलं की तीच जमिनीतल्या ओलीवर वाढते. वाढणाऱ्या काकूंनी "पुन्हा घ्या ना जी" असं इतक्यांदा म्हटलं की सहकारीने तीनदा भात घेतला.

संध्याकाळी तासभर मोकळा होता म्हणून जुन्या तटबंदीकडे गेलो. पवनी हे फार जुनं गाव. १९६९-७० मध्ये इथे उत्खनन झालं आणि मोठा बौद्ध स्तूप सापडला. नागपूरपासून इतक्या जवळ असूनही नागपूरची फार कमी माणसं इथे येतात, याची मला खंत वाटते.

(राहण्याचं : पवनीत मोजकेच लॉज आहेत. आधी फोन करून ठेवा. डिसेंबरात नदीकाठी रात्री चांगली थंडी पडते, स्वेटरवर शालही लागते.)

मंगळवार : पुनर्वसनाची वस्ती आणि लाखांदूर

सकाळी सातला पहिलं घर. उशीर केला की माणसं वावरात जातात, मग थेट अंधार पडल्यावरच भेटतात. शहरातल्या सर्वेक्षणांना दुपारी घरी जी माणसं सापडतात, तीच का सापडतात याचा विचार फार थोडे करतात.

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली आणि नव्या वस्त्या झाल्या. या प्रकल्पातली बरीच मुलं अशा वस्त्यांतली होती. आम्ही ज्या घरी गेलो तिथल्या मुलाच्या नावापुढे संस्थेच्या यादीत "नियुक्त, पुणे" असं होतं आणि फोन बंद होता. बंद नंबर आले की अनेक मूल्यमापक पुढचं नाव घेतात. मी तसं करू देत नाही. बंद नंबराच्या मागेच बहुतेक वेळा खरी गोष्ट असते.

मुलगा अंगणातच होता, धानाच्या पोत्यांना टाके घालत. त्याची आई म्हणाली, "पुन्याले गेलता जी. कंपनीची गाडीच घेऊन गेली इथून. हार-फुलं, फोटो, सगळं झालं. चौथ्या महिन्यात वापस आला."

का आला ते त्याने आईसमोर सांगितलं नाही. ती चहा ठेवायला आत गेल्यावर बोलला. चार जण एका खोलीत. शिकला होता वायरिंग, काम मिळालं पॅकिंगचं. उभं राहून बारा तास. पगारातून खोली, डबा, बस गेली की घरी पाठवायला उरायचं ते इथल्या मजुरीहून फार जास्त नव्हतं. "वायरिंगचा एक स्क्रू नाही पिळला मॅडम तिथं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. मला मात्र संताप आला. तीन महिने एक कसब शिकवायचं आणि दुसऱ्याच कामाला जुंपून यशाच्या रकान्यात खूण करायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

इथे रकान्याबद्दल थोडं. २०१४ पासून चालणाऱ्या केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत नियुक्ती धरायला नोकरी किमान तीन महिने टिकावी लागते. बऱ्याच खासगी कार्यक्रमांनीही तीच मोजपट्टी उचलली. त्यामुळे तिसरा महिना संपेपर्यंत फोन येतात, विचारपूस होते. चौथ्या महिन्यात पोरगं बॅग उचलून गावी आलं तर ते कुणाच्याच कागदावर येत नाही. माझ्या प्रश्नावलीत म्हणून पहिला प्रश्न असतो : चौथ्या महिन्यात तू कुठे होतास?

दुपारनंतर लाखांदूर. बाजारओळीच्या टोकाला पत्र्याच्या एका दुकानात यादीतली मुलगी सापडली. तिच्या नावापुढे "नियुक्त नाही, घरी" असं लिहिलं होतं. समोर उघडलेली तीन अश्वशक्तीची मोनोब्लॉक मोटर होती आणि ती स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांतून जळकी तार पकडीने ओढून काढत होती. काळपट, चिकट, जळक्या वार्निशचा उग्र वास. तार काढताना ती तोंडातल्या तोंडात वेढे मोजत होती, म्हणून आम्ही दाराशीच थांबलो. मोजणं संपल्यावर तिने शाळेची दोनशे पानी वही उघडली आणि लिहिलं : मोटरची कंपनी, अश्वशक्ती, खाचा किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज, कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत. प्रत्येक पानावर एक मोटर. वही अर्ध्याहून जास्त भरलेली.

ती वही मी किती वेळ चाळत होते! काही पानांवर लाल पेनाने "पुन्हा आली" असं होतं. म्हणजे भरलेली मोटर परत जळाली. त्याखाली कारण : "एक फेज गेली होती", "ऑटोस्विच". शेतीची वीज पाळीने येते. वीज आल्याबरोबर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतात, आणि तीनपैकी एक फेज नसताना मोटर सुरू झाली की गुरगुरत तापते आणि जळते. हे तिने स्वतःच्या वहीतून शोधून काढलं होतं. आता ती मोटर परत देताना सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण, बसवा असं प्रत्येकाला सांगते.

"सुरुवातीले कोनी देत नव्हते मोटर," ती म्हणाली. "पोरगी का भरन म्हने. काकाचं सायकलचं दुकान आहे ना बाजूले, त्यायनं आपली मोटर दिली पहिली. ते चालली, मंग आले लोक."

मी विचारलं, संस्थेकडून कुणी विचारपूस केली का?

"फोन आला होता. पगाराची पावती आहे का म्हने. म्या म्हटलं, पावती मीच देते लोकायले."

बुधवार : वडसा

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यात अनेक वर्षं रेल्वे थांबायची ती एवढ्याच गावात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत या गावाचं रूपच वेगळं असतं, कारण झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगल-धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकांच्या कंपन्यांचं हे ठाणं. भिंती नाटकांच्या फलकांनी भरलेल्या, कार्यालयांबाहेर तारखा ठरवायला आलेली गावोगावची मंडळी. कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्ताने रात्रभराचं नाटक.

आमच्या यादीतला एक मुलगा इथला. शेरा : "संपर्क नाही". घरी कळलं की तो एका नाटक कंपनीत लाइटचं काम करतो आणि आज जवळच्या गावात प्रयोग आहे. माझ्या कामाच्या वेळापत्रकात रात्रीचं नाटक नव्हतं, पण गेलो. गेलो नसतो तर या दौऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं दृश्य हुकलं असतं.

संध्याकाळी पाचला पोचलो. कापणी झालेल्या बांधीत मंच उभा राहत होता. तो मुलगा मंचामागे गुडघ्यावर बसून जमिनीत लोखंडी सळई ठोकत होता. सळई पुरेशी आत गेल्यावर त्याने भोवती मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं, सळईला जाड तार घट्ट आवळली आणि ती जनरेटरच्या आणि मग दिव्यांच्या लोखंडी खांबांच्या अंगाला जोडली. मग टेस्टर घेऊन एकेक खांब तपासला. नंतर दिव्यांचा भार तिन्ही फेजवर वाटला. कुठल्या फेजवर काय हे खडूने पेटीवर लिहिलं.

मी काही न बोलता हे सगळं पाहिलं. हे अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवायची जोडणी. अर्थिंग हा वर्गातला सगळ्यात कंटाळवाणा तास असतो, मी स्वतः तो अनेक वर्षं घेतला आहे. दंवाने ओलं झालेलं रान, लोखंडी खांब, मंचावर अनवाणी नाचणारी माणसं. तिथे हा तास जीव वाचवतो.

"आधीचे लोक करत नव्हते का?" मी विचारलं.

"नव्हते करत जी. एकडाव शॉक बसला होता एकाले. मी शिकून आलो ना, तवापासून दर गावात सळाख ठोकतो. मालक पयले कुरकुरले, टाइम जाते म्हून. आता तेच इचारतात, ठोकली का बे?"

तूही पुण्याची नोकरी सोडलीस का, असं विचारल्यावर म्हणाला, "सोडला नाही जी काम, दुसरा धरला." मार्चपर्यंत नाटकाचे दिवे, उन्हाळ्यात लग्नांचं डेकोरेशन, पावसाळ्यात गावातले पंप आणि पंखे. वर्षभर काम आहे आणि सगळं शिकलेलंच काम आहे. तरी कुठल्याच नोंदीत तो नाही.

रात्री दहाच्या पुढे नाटक सुरू झालं. घरातली सगळी माणसं गोधड्या-शाली घेऊन आलेली, म्हाताऱ्या पुढच्या रांगेत. हसणं, हुंदके, मध्येच लावणी, पुन्हा रडकी घटना. आम्ही दीडपर्यंत तग धरला. माझ्या शेजारच्या आजींनी आपल्या शालीचा अर्धा भाग माझ्या पायांवर टाकला आणि पुढे काय होणार हे आधीच सांगत राहिल्या. त्यांनी हेच नाटक दुसऱ्या गावात पाहिलेलं होतं.

(झाडीपट्टी नाटक बघायचं असेल तर वडशात दिवसा कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात विचारा, आज कुठल्या गावात आहे ते सांगतात. चटई, टोपी, पाणी सोबत ठेवा. शेंगदाणे, भजी तिथे मिळतात. परतताना जंगलातून जाणारा रस्ता असेल तर एकट्या दुचाकीने अजिबात नको.)

गुरुवार : ब्रह्मपुरी

वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला आलो. आभाळ सकाळपासून भरलेलं. या तालुक्यात माणूस आणि वाघ यांच्यातला संघर्ष रोजचा आहे. रात्रीच्या पाळीने वीज आली की पाणी द्यायला वावरात जायचं, आणि जंगल अगदी धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, लागून. लोक दिवसा वीज मागतात ती आरामासाठी नाही.

म्हणूनच इथे सौर पंपांची ओढ आहे. राज्याच्या २०२४ मधल्या "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे. आम्ही ज्या शेतात गेलो तिथला पंप पंधरा दिवस बंद होता आणि पुरवठादाराचा माणूस आला नव्हता. आमच्या यादीतला मुलगा त्याच गावचा, मोटर-पंपाचा वर्ग केलेला. त्याने बिघाड ओळखला होता. पण कंट्रोलरला, म्हणजे पॅनलच्या विजेवर पंप चालवणाऱ्या पेटीला, हात लावला तर हमी जाते, म्हणून शेतकरी आणि तो दोघंही पॅनलकडे बघत उभे.

कार्यक्रम आखणाऱ्यांनी इथे यायला हवं होतं. या गावांत पंप येत आहेत, शिकलेली पोरं आहेत, आणि दोघांना जोडणारा एक कागद नाही. पुरवठादारांनी स्थानिक मुलांना आपला अधिकृत दुरुस्तीवाला नेमलं असतं, तर तीन महिन्यांच्या वर्गाचं चीज झालं असतं. अभ्यासक्रमात सौर कंट्रोलरवर एक ओळही नव्हती. जुन्या स्टार्टरवरच सगळा भर. आणखी एक गोष्ट मुलांना कुणी नीट सांगितली नव्हती : या प्रमाणपत्रावर वायरमनचा परवाना मिळत नाही. तो वेगळा, शासनाच्या यंत्रणेकडून घ्यावा लागतो. आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे, आणि तिथला इलेक्ट्रिशियन दोन वर्षं शिकतो. तीन महिन्यांत त्याची बरोबरी होत नाही, आणि व्हावी असंही कुणी म्हणू नये. पण पोरांना दाखल करताना दोन्हींतला फरक सांगणं हे कर्तव्य होतं.

दुपारी एका घरी गटचर्चा लावली होती. पाच-सहा मुलं आणि दोन पालक बसले, मी पहिला प्रश्न विचारला आणि पत्र्यावर थेंब पडले. पुढच्या क्षणी अंगण रिकामं. सगळे खळ्यावर. मळणी केलेलं धान उघड्यावर पडलेलं, आणि ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावर ते घेत नाहीत. आम्हीही धावलो. ताडपत्रीचं एक टोक मी धरलं, एक सहकारीने. चालकदादा फावड्याने धान मध्ये ओढत होते. पाऊस जेमतेम पंधरा मिनिटं पडला, पण वर्षाची कमाई त्या ढिगात होती.

मग चर्चा खळ्यावरच झाली, ताडपत्रीच्या कडेवर बसून, आणि ती खोलीत झाली असती त्याहून कितीतरी मोकळी झाली. एक वडील म्हणाले, "पोरगा शिकला त्याचं चांगलंच झालं जी. पन औजारं नाहीत. पकड मागून आनते, टेस्टर मागून आनते. शिकवलं तर औजाराची पेटी बी द्याले पायजे." बाकीच्यांनी माना हलवल्या. वेल्डिंगवाला मुलगा तर म्हणाला की प्रमाणपत्र मिळाल्यापासून त्याने वेल्डिंगची काच डोळ्यांवर धरलेलीच नाही. मशीन घ्यायला पैसे नाहीत आणि कर्जासाठी कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याच घरी जेवण. वडाभात, वर कडकडीत फोडणीचं तेल, आणि सांबारवडी. बाहेरच्यांसाठी : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

(या पट्ट्यात अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचा. रोख पैसे ठेवा, कारण गावात नेटवर्क असेलच असं नाही. सर्वेक्षणाला जात असाल तर प्रश्नावली कागदावरही घ्या. आणि धान खरेदीच्या दिवसांत गटचर्चा लावायचीच असेल तर ती खळ्यावर लावा.)

शुक्रवार : नागभीड आणि परत

सकाळी घोडाझरी तलावावर अर्धा तास थांबलो. पाऊस धुऊन गेलेली हवा, समोर डोंगरांची रांग. तिथून नागभीड. नागपूरहून इथे येणारी छोटी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. नागपूरला शिकायला जाणाऱ्यांची ती स्वस्तातली सोय होती. इथे भेटलेल्या दोन मुलींनी पुढचा वर्ग सोडण्याचं कारण प्रवास हेच सांगितलं. मुली वर्ग सोडतात तेव्हा "कौटुंबिक कारण" असं लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. या दोघींच्या घरच्यांची शिकायला ना नव्हती. संध्याकाळी सातला परतीचं वाहन नव्हतं, एवढंच.

दुपारी संस्थेच्या लोकांबरोबर बैठक. अहवाल लिहिण्याआधी मी काय पाहिलं ते सांगते. तथ्य चुकलं असेल तर कागद दाखवून दुरुस्त करा, निष्कर्षाची घासाघीस होणार नाही, हेही आधीच स्पष्ट करते. वातावरण सुरुवातीला ताणलेलं होतं. पुण्याहून परतलेल्या मुलांचा विषय निघाल्यावर एक पदाधिकारी म्हणाले, तीन महिने पूर्ण झाले होते, आमची जबाबदारी संपली. मी त्यांना लाखांदूरच्या वहीचे फोटो दाखवले, त्या मुलीच्या परवानगीने काढलेले. नंतर नाटकाच्या मंचामागची सळई. ते गप्प झाले. पवनीचे सर मात्र फोनवर पुढे-मागे सरकवत तो फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. "हा आपल्याच केंद्रातला," ते म्हणाले. पोरगा कुठे आहे हे त्यांना वर्षभर माहीत नव्हतं.

लाखांदूरची मुलगी आणि वडशाचा मुलगा या दोघांना "स्वयंरोजगार" म्हणून नोंदवायचं हे बैठकीत मान्य झालं. त्यासाठी पगाराच्या पावतीऐवजी कामाची वही आणि ग्राहकांची साक्ष चालेल असं मी सुचवलं आहे. ओव्हन, औजारांची पेटी, मुलींसाठी परतीचं वाहन आणि अभ्यासक्रमात सौर कंट्रोलर या चार शिफारशी अहवालात आहेत. शिवाय पुण्याच्या नियुक्त्यांचं पान आहे. त्यात कुठल्या मुलाने काय शिकलं आणि त्याला कुठल्या कामावर लावलं हे शेजारी-शेजारी मांडलं आहे. ते पान कंपनीला आवडणार नाही. पण काढणार नाही.

परतीच्या वाटेवर भिवापूरला मिरची घेतली. भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती भिवापुरी मिरची. नवा माल बाजारात यायचा होता, पण मागच्या हंगामातली चांगली मिळाली. घेताना देठ हिरवट आहेत का बघा आणि मूठभर हातात घेऊन हलवा; आत बी वाजलं म्हणजे नीट वाळलेली.

पुढची फेरी मार्चमध्ये आहे. लाखांदूरच्या मुलीने प्रिव्हेंटर बसवलेल्या मोटरींसाठी वहीच्या मागच्या बाजूने वेगळी यादी सुरू केली आहे. त्यांतल्या किती परत आल्या ते तेव्हा एकत्र बघायचं ठरलं आहे.